अ‍ॅप बनवायला शिकणं आणि शिकत राहणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाइल अ‍ॅप बनवायला नुकतेच लागलेले, आणि बनवता येऊ लागल्यावर 'आपण मागे पडतोय' या काळजीत असलेले, असे दोन्ही प्रकारचे लोक मला हे प्रश्न विचारत आले आहेत. उत्तरांत माझ्या एका छोट्या अ‍ॅपचा उल्लेख पुन्हा पुन्हा येईल. औषधांच्या वेळेची आठवण करून देणारं हे अँड्रॉइड अ‍ॅप मी २०१४ साली आईसाठी लिहिलं, पुढे त्याची आयफोनची आवृत्ती केली, आणि दोन्ही अजून चालू आहेत. नोकरीत मोठी अ‍ॅप्स हाताळली, पण हे काम नेमकं काय असतं ते मला या लहानशा अ‍ॅपने शिकवलं.

मला प्रोग्रॅमिंग अजिबात येत नाही. थेट अ‍ॅपपासूनच सुरुवात केली तर चालेल?

चालेल, पण पहिला महिना-दीड महिना नुसत्या भाषेला द्या. अँड्रॉइडसाठी कोटलिन घ्या किंवा आयफोनसाठी स्विफ्ट, आणि स्क्रीन, बटणं, रंग यांच्या नादी न लागता साधे प्रोग्रॅम लिहा : दोन तारखांमधले दिवस मोजणं, एखाद्या उताऱ्यातले शब्द मोजणं, छोटी प्रश्नमंजूषा. अ‍ॅपमध्ये काही बिघडलं की चूक भाषेतली आहे की प्लॅटफॉर्मच्या वापरातली, हे नवख्या माणसाला ओळखता येत नाही. दोन अनोळखी गोष्टी एकदम अंगावर घेतल्या की प्रत्येक एरर घाबरवून सोडते.

फंक्शन, क्लास, लिस्ट, मॅप एवढं हाताखालून जाऊ द्या. 'नल' किंवा 'ऑप्शनल' या कल्पनेवर मात्र जास्त वेळ थांबा. 'इथे मूल्य असेलच असं नाही' हे कोटलिन आणि स्विफ्ट तुमच्याकडून आधीच वदवून घेतात. कंटाळून जिथे-तिथे उद्गारचिन्ह टाकून कम्पायलरला (कोड तपासून यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅमला) गप्प करणाऱ्यांची अ‍ॅप्स पुढे नेमकी त्याच ओळींवर क्रॅश होतात.

गणित किती लागतं?

बेरीज, वजाबाकी, टक्केवारी आणि तर्कशुद्ध विचार. गेम किंवा ग्राफिक्सकडे वळलात तर भूमिती आणि थोडं रेषीय बीजगणित लागेल. एरवी नाही.

अँड्रॉइड आधी की आयओएस (आयफोनची ऑपरेटिंग सिस्टिम)?

तुमच्या खिशात जो फोन आहे तो. स्वतःचं अ‍ॅप दिवसभर स्वतः वापरता आलं की चुका आपोआप डोळ्यांत भरतात, आणि या शिकवणीला पर्याय नाही.

दुसरा विचार कॉम्प्युटरचा. आयओएससाठी लागणारं एक्सकोड फक्त मॅकवर चालतं. अँड्रॉइड स्टुडिओ विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो, पण तो जड आहे. ८ जीबी रॅमच्या मशीनवर एमुलेटरही (कॉम्प्युटरवरचा आभासी फोन) सुरू केला की सगळंच रखडतं. अशा वेळी एमुलेटर सोडून द्या आणि खरा फोन केबलने जोडा. खऱ्या फोनवर तपासणं तसंही जास्त खरं असतं. आयफोनवर स्वतःचं अ‍ॅप चढवायला पैसे भरलेलं डेव्हलपर खातं लागत नाही, साधं अ‍ॅपल खातं पुरतं. फक्त असं चढवलेलं अ‍ॅप ७ दिवसांनी उघडेनासं होतं आणि पुन्हा चढवावं लागतं. शिकण्यासाठी एवढं पुष्कळ आहे.

नेटिव्ह, फ्लटर, रिअ‍ॅक्ट नेटिव्ह, कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म... यातलं नेमकं काय निवडू?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि लोक महिनोन्‌महिने इथेच अडकून पडतात.

माझं मत स्पष्ट आहे : आधी एका प्लॅटफॉर्मचं नेटिव्ह शिका. म्हणजे त्या प्लॅटफॉर्मची स्वतःची भाषा आणि स्क्रीन रचायचं साधन : अँड्रॉइडवर कोटलिन आणि जेटपॅक कंपोज, किंवा आयओएसवर स्विफ्ट आणि स्विफ्टयूआय. सहा महिने-वर्षभर त्यात मुरल्यावर हवं तर फ्लटरकडे किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्हकडे जा. एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयओएस दोन्हीसाठी बनवता येणारी ही चांगली साधनं आहेत. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह २०१५ पासून आहे, फ्लटरची १.० आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली, आणि दोन्हींवर मोठी अ‍ॅप्स चालतात. पण त्यांच्या खाली शेवटी अँड्रॉइड आणि आयओएसच असतं. कॅमेऱ्याचं प्लगइन एका विशिष्ट फोनवर काळी स्क्रीन दाखवतं, किंवा नोटिफिकेशन फक्त अ‍ॅप बंद असताना येत नाही, तेव्हा खाली उतरून पाहावंच लागतं. ज्याने खालचा मजला कधी पाहिलेला नाही, तो तिथे अंधारात चाचपडत राहतो.

याला अपवाद आहेत. तुम्हाला जावास्क्रिप्ट आणि रिअ‍ॅक्ट आधीपासून चांगलं येत असेल तर रिअ‍ॅक्ट नेटिव्हने सुरुवात करण्यात काही गैर नाही. नोकरीच्या ठिकाणी फ्लटर असेल तर फ्लटर शिका, वाद घालत बसू नका. कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्मची वाट वेगळी आहे. ते नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थिर झालं, आणि त्यात हिशेब, डेटाबेस, नेटवर्क हा भाग एकदाच लिहून स्क्रीन दोन्हीकडे वेगळ्या ठेवता येतात. अँड्रॉइड येणाऱ्यांना ते पटकन जमतं.

एक गोष्ट विसरू नका. साधनं मरतातही. दोन्हीकडे चालणाऱ्या अशाच साधनांपैकी फोनगॅप अडोबीने २०२० मध्ये बंद केलं. झॅमारिनचा आधार मायक्रोसॉफ्टने १ मे २०२४ ला संपवला. त्यावर वर्षानुवर्षं काम केलेल्यांमध्ये ज्यांना खालचे प्लॅटफॉर्म ठाऊक होते, त्यांनी नवी भाषा शिकून काम पुढे चालू ठेवलं. बाकीच्यांना बरंच काही पहिल्यापासून शिकावं लागलं.

जावा आणि ऑब्जेक्टिव्ह-सी शिकायला हवं का?

या अनुक्रमे अँड्रॉइडच्या आणि आयओएसच्या जुन्या भाषा. वाचता आल्या पाहिजेत, लिहिता आल्या नाहीत तरी चालेल. गूगलने कोटलिनला २०१७ मध्ये अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ पासून अँड्रॉइडवर पहिला मान तिलाच आहे. स्विफ्ट २०१४ मध्ये आली. त्याआधीचा कोड मात्र अजून जिवंत आहे, आणि नोकरीत तो समोर येतोच. एखाद्या जुन्या फाइलचं स्वतःच्या हाताने कोटलिनमध्ये किंवा स्विफ्टमध्ये रूपांतर करून पाहा. चार-पाच फाइली झाल्या की वाचण्यापुरती जुनी भाषा येते.

ट्यूटोरियल पाहून हुबेहूब तसंच लिहितो, तरी चालत नाही. माझं काय चुकतं?

बहुधा काहीच नाही. ट्यूटोरियल शिळं आहे. या क्षेत्रात तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ हा जुना व्हिडिओ असतो, आणि शोधताना नेमका तोच वर येतो, कारण तो जास्त लोकांनी पाहिलेला असतो.

शिळेपणाच्या काही खुणा सांगते. अँड्रॉइडमध्ये असिंकटास्क दिसला तर पुढे जा, तो अँड्रॉइड ११ सोबत २०२० मध्ये डेप्रिकेट झाला, म्हणजे 'आता वापरू नका' असं जाहीर झालं. बटरनाइफ ही लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) दिसली तरी तेच. आयओएसमध्ये यूआयवेबव्ह्यू दिसलं तर ते ट्यूटोरियल मिटवा, ते वापरणारी नवी अ‍ॅप्स अ‍ॅपलने एप्रिल २०२० पासून घेणंच बंद केलं. स्विफ्टयूआयमध्ये नॅव्हिगेशनव्ह्यू दिसला तर ते २०२२ पूर्वीचं समजा, त्याची जागा आयओएस १६ मध्ये नॅव्हिगेशनस्टॅकने घेतली.

सुरुवातीला व्हिडिओंपेक्षा अधिकृत साहित्य बरं. गूगलचा 'अँड्रॉइड बेसिक्स विथ कंपोज' हा कोर्स फुकट आहे, अ‍ॅपलचे स्विफ्टयूआयचे धडेही फुकट आहेत, आणि बदल झाले की ते सुधारले जातात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सीएस१९३पी या आयओएस अभ्यासक्रमाची व्याख्यानंही खुली आहेत. थोडं प्रोग्रॅमिंग आलं की ती जरूर पाहा. त्यातली विचार करण्याची पद्धत सहजासहजी शिळी होत नाही.

सगळंच बदलत असतं, तर न बदलणारं काही आहे का?

आहे, आणि शिकण्याचा मोठा वाटा तिकडे द्यावा असं मला मनापासून वाटतं.

फोन हे लहान, बॅटरीवर चालणारं, सतत हातातून खिशात आणि खिशातून हातात जाणारं यंत्र आहे. ते कॉम्प्युटरसारखं वागत नाही. तुमचं अ‍ॅप कधी मारायचं हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते, तुम्ही नाही. कोणी फॉर्म भरता भरता फोन घेतं, मग फोटो काढतं, आणि दहा मिनिटांनी परत येतं. एवढ्यात मेमरी कमी पडली म्हणून सिस्टिमने तुमची प्रोसेस संपवलेली असू शकते. वापरणाऱ्याच्या दृष्टीने अ‍ॅप 'उघडंच होतं', आणि भरलेला फॉर्म गायब. २००८ साली अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला तेव्हाही असंच होतं, आजही तसंच आहे. मधल्या काळात या प्रश्नाची अँड्रॉइडवरची उत्तरं (भरलेलं जपून ठेवायची साधनं) बदलत गेली : आधी बंडल, मग व्ह्यूमॉडेल, मग सेव्ह्डस्टेटहँडल. प्रश्न ज्याला समजला त्याला चौथं उत्तरही एका दुपारी समजेल. जो फक्त 'व्ह्यूमॉडेल वापरायचं असतं' एवढं शिकला, त्याला हेही कळत नाही की व्ह्यूमॉडेल स्क्रीन आडवी केल्यावर टिकतं, पण प्रोसेस मेल्यावर टिकत नाही.

आजच तपासून पाहा. तुमच्या अ‍ॅपमध्ये अर्धवट काही भरा, होम दाबून बाहेर या, केबल जोडून एडीबीवरून (कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देणारं साधन) अ‍ॅपची प्रोसेस मारा, आणि अलीकडे वापरलेल्या अ‍ॅप्सच्या यादीतून पुन्हा आत या. बऱ्याच जणांना इथे पहिल्यांदा धक्का बसतो.

दुसरी टिकाऊ गोष्ट मुख्य थ्रेडची, म्हणजे स्क्रीन रंगवणाऱ्या आणि स्पर्श हाताळणाऱ्या कामाच्या धाग्याची. स्क्रीन सेकंदाला ६० वेळा रंगवायची तर एका चौकटीला साधारण १६ मिलिसेकंद मिळतात. १२० वेळा रंगवायची तर ८. त्या वेळात डेटाबेस वाचायला बसलात तर यादी अडखळत सरकते. अँड्रॉइडवर मुख्य थ्रेडने स्पर्शाला ५ सेकंद दाद दिली नाही तर 'अ‍ॅप प्रतिसाद देत नाही' अशी पाटी येते. यासाठीची साधनं बदलत राहिली : थ्रेड आणि हँडलर, असिंकटास्क, आरएक्सजावा, आता कोरूटिन. स्विफ्टमध्येही आधी जीसीडी होतं, मग २०२१ मध्ये असिंक-अवेट आलं. पण १६ मिलिसेकंद तेवढेच राहिले.

तिसरी गोष्ट नेटवर्कची. ते कधीही जातं, किंवा असूनही नसल्यासारखं वागतं. 'इंटरनेट नाही' ही अवस्था प्रत्येक स्क्रीनसाठी आधी विचारात घ्या. यात पैसे पाठवण्याचं बटण दोनदा दाबलं गेलं तर काय, विनंती पोचली पण उत्तर परत आलं नाही तर काय, असे प्रश्न येतात. एखाद्या फ्रेमवर्कच्या पानावर त्यांची तयार उत्तरं नसतात. ती तुम्हालाच शोधावी लागतात.

जुनं अ‍ॅप आहे तसं चालत राहणार नाही का? दरवर्षी का हात लावायचा?

माझ्या औषधाच्या अ‍ॅपचाच इतिहास सांगते.

काम एका ओळीचं : ठरल्या वेळी आवाज कर. २०१४ मध्ये लिहायला घेतलं तेव्हाच पहिला धडा मिळाला. अँड्रॉइड ४.४ पासून साधा अलार्म काटेकोर राहिला नव्हता. बॅटरी वाचावी म्हणून सिस्टिम आसपासचे अलार्म एकत्र करून वाजवू लागली होती. काटेकोर वेळ हवी तर वेगळं फंक्शन वापरायचं. तेवढं केलं. फोन बंद करून सुरू केला की सगळे अलार्म पुसले जातात हेही तेव्हाच कळलं. मग फोन सुरू होताच ते पुन्हा लावायचा कोड आला.

२०१५ मध्ये अँड्रॉइड ६ सोबत डोझ आलं. फोन चार्जिंगला नसेल, स्क्रीन बंद असेल आणि तो बराच वेळ हललाच नसेल, तर सिस्टिम गाढ झोपते आणि काटेकोर अलार्मही मागे पडतात. मी बदलांची यादी वाचलीच नव्हती. आईच्या नव्या फोनवर पहाटेच्या गोळीची आठवण वेळेवर आली नाही. सकाळी तिने फोन उचलला आणि स्क्रीन लागली, तेव्हा आली. सुदैवाने गोळी थायरॉइडची होती आणि एका दिवसाने मोठं बिघडलं नाही. पण त्या सकाळपासून बदलांची यादी वाचणं मी कधी चुकवलेलं नाही.

पुढे २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ ने नोटिफिकेशनसाठी चॅनेल (सूचनांचे प्रकारवार गट) सक्तीचे केले, चॅनेल नसेल तर सूचना दिसणारच नाही. २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ ने काटेकोर अलार्मसाठी वेगळी परवानगी आणली. २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ ने नोटिफिकेशन दाखवण्याचीच परवानगी विचारायला लावली. २०२३ मध्ये अँड्रॉइड १४ ने काटेकोर अलार्मची परवानगी नव्याने बसवलेल्या बहुतेक अ‍ॅप्सना आपोआप देणं थांबवलं. आयफोनचं गणित आणखी निराळं : आयओएस एका अ‍ॅपच्या सर्वांत जवळच्या ६४ लोकल नोटिफिकेशन्सच (फोनवरच आधी ठरवून ठेवलेल्या सूचना) राखून ठेवतं. रोज त्याच वेळी येणारी सूचना एकच मोजली जाते, पण दहा दिवसांच्या कोर्सची प्रत्येक गोळी मी सुटी नोंदवत होते. पाच औषधं दिवसातून तीनदा, म्हणजे रोजच्या १५. पाचव्या दिवशी सूचना संपल्या.

या प्रत्येक बदलामागे कारण होतं. अ‍ॅप्स रात्रभर फोन जागा ठेवून बॅटरी संपवत होती, कोणीही कशाच्याही सूचना पाठवत होतं. फोन वापरणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हे बदल योग्यच आहेत. पण ते आले म्हणून अ‍ॅपला हात लावावाच लागतो.

स्टोअरचा नियमही आहे. गूगल प्ले २०१८ पासून दरवर्षी टार्गेट एपीआयची (अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीला धरून कोड लिहिला त्याच्या क्रमांकाची) किमान पातळी वाढवतं. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवी अ‍ॅप्स आणि अपडेट यांना अँड्रॉइड १५, म्हणजे ३५ वी पातळी धरावी लागते. अ‍ॅपललाही अपडेट बऱ्यापैकी नव्या एक्सकोडने बांधलेलं लागतं.

मग सतत अपडेट राहण्यासाठी रोज किती वाचायचं?

रोज काहीच नको. रोज वाचणाऱ्यांना माहिती खूप असते आणि हाताने केलेलं थोडं असतं.

गूगलची परिषद साधारण मे महिन्यात असते, अ‍ॅपलची जूनमध्ये. त्या सुमाराला दोन-तीन संध्याकाळी काढून ठेवा. अँड्रॉइडच्या प्रत्येक आवृत्तीसोबत वागणुकीतल्या बदलांच्या दोन याद्या येतात, एक सगळ्या अ‍ॅप्ससाठी, दुसरी फक्त नवी आवृत्ती टार्गेट करणाऱ्यांसाठी. हा फरक नीट धरा. पहिल्या यादीतला बदल तुम्ही काही न करताही तुमच्या अ‍ॅपवर येऊन आदळतो, लोकांनी फोन अपडेट केला की त्याच दिवशी. डोझ त्यातलंच होतं. दुसऱ्या यादीसाठी स्टोअरच्या मुदतीपर्यंत वेळ असतो. यादी वाचताना स्वतःचं अ‍ॅप शेजारी उघडं ठेवा आणि प्रत्येक मुद्द्याला एकच विचारा : हे माझ्याकडे कुठे लागतं? बहुतेक मुद्दे लागत नाहीत आणि यादी तासाभरात संपते.

लायब्ररींसाठी मी दर दोन महिन्यांनी एक दिवस राखते. एका वेळी एकच लायब्ररी वाढवायची, तिच्या बदलांची नोंद वाचायची, अ‍ॅप चालवून पाहायचं, कमिट करायचं (बदल नोंदवून ठेवायचा), मग पुढची. सगळ्या एकदम वाढवल्या आणि बिल्ड फुटली (कोडपासून अ‍ॅप तयार होईना), तर गुन्हेगार शोधायला आठवडा जातो.

नवीन फ्रेमवर्क आलं की लगेच शिकावं का?

थोडं थांबा. स्विफ्टयूआय २०१९ मध्ये आलं तेव्हा लांबलचक यादी आळशी पद्धतीने, म्हणजे दिसेल तेवढीच, रचायची सोय पुरेशी नव्हती. लेझी-व्हीस्टॅक आणि ग्रिड पुढच्या वर्षी आयओएस १४ मध्ये आले. जेटपॅक कंपोजही २०१९ मध्ये जाहीर झालं आणि १.० व्हायला जुलै २०२१ उजाडला. या दोन वर्षांत थांबलेल्यांचं काही नुकसान झालं नाही. त्यानंतरही ज्यांनी पाठ फिरवली, त्यांना आता नव्या टीममध्ये अवघड जातं.

दोघांमधला एक फरक फारसा सांगितला जात नाही. कंपोज लायब्ररी म्हणून अ‍ॅपसोबत जातं, त्यामुळे त्यातली नवी सोय जुन्या फोनवरही चालते. स्विफ्टयूआय आयओएसच्या आवृत्तीला बांधलेलं आहे. आयओएस १७ मधली सोय १६ वाल्यांसाठी वापरता येत नाही. म्हणून आयओएसवर 'कधी शिकू' या प्रश्नाचं उत्तर 'माझे वापरणारे किती जुन्या आवृत्तीवर आहेत' यातून येतं.

आता एआय कोड लिहून देतं. मग शिकायचं कशाला?

मीही ते रोज वापरते, आणि कंटाळवाणं काम त्याने खरोखर हलकं केलं आहे. पण मध्यंतरी काटेकोर अलार्म लावायचा कोड मागितला, तेव्हा मिळालेला कोड नीटनेटका होता, कम्पाइलही झाला, फक्त परवानगी आहे की नाही हे तपासण्याची ओळ त्यात नव्हती. परवानगी नसलेल्या फोनवर तो थेट सिक्युरिटी एक्सेप्शन टाकून पडला असता. ज्या साहित्यावर ही मॉडेल्स शिकली त्यात जुना कोड भरपूर आहे, त्यामुळे कालची पद्धत आजची म्हणून हातात येते. ती कालची आहे हे ओळखायला माणूस जाणता लागतो.

शिकणाऱ्याने एक शिस्त पाळावी. आधी स्वतः लिहा, वाईट का असेना. मग त्याच कामाचा कोड एआयकडून घ्या आणि फरक ओळीओळीने विचारा. जी ओळ समजली नाही ती अ‍ॅपमध्ये ठेवू नका. पहिल्या वर्षात एरर आली की लगेच चिकटवून उत्तर मागण्याआधी निदान पंधरा मिनिटं ती स्वतः वाचा. स्टॅक ट्रेस (चूक कोणत्या ओळींतून आली त्याची यादी) वाचण्याची सवय याच वर्षात लागते.

पहिलं अ‍ॅप कसलं बनवू?

जे एखादा खरा माणूस दर आठवड्याला उघडेल असं. चॅट अ‍ॅप नको, मोठ्या अ‍ॅपची नक्कलही नको. एक यादी, एक फॉर्म, फोनवर साठवणूक आणि जमल्यास एक सूचना, एवढ्यात शिकण्यासारखं सगळं येतं. आणि ते दुसऱ्याच्या हातात द्या. आईने पहिल्याच दिवशी मला विचारलं, "गोळी घेतली हे चुकून दाबलं, आता परत कसं घेऊ?" मी त्याचा विचारच केला नव्हता.

टेस्ट (कोड तपासणारा कोड) लिहायच्या का?

जिथे चुकलं तर महाग पडेल तिथे नक्की. माझ्याकडे ती जागा वेळेची होती. 'पुढची गोळी कधी' हा हिशेब स्क्रीनपासून वेगळा काढला, आत्ताची वेळ त्याला बाहेरून दिली, आणि महिनाअखेर, मध्यरात्र, प्रवासात बदललेला टाइमझोन अशा टेस्ट लिहिल्या. तीन बग त्याच दिवशी सापडले. बटणाचा रंग तपासणाऱ्या टेस्ट मी लिहीत नाही.

मराठीत अ‍ॅप करायचं तर वेगळं काय लागतं?

तीन गोष्टी. मजकुराच्या चौकटीला ठरावीक उंची देऊ नका. देवनागरीत मात्रा, अनुस्वार, रफार वर जातात आणि उकार, ऋकार खाली, त्यामुळे इंग्रजीला पुरणाऱ्या उंचीत 'कूं' किंवा 'र्कृ' कापलं जातं. फॉन्टचा आकार सेटिंगमधून सर्वांत मोठा करून एकदा पाहा. वयस्क माणसं तसाच वापरतात.

दुसरं, अक्षरं मोजताना सावध. 'मराठी' या शब्दाची लांबी कोटलिन ५ सांगतं, कारण काना आणि वेलांटी वेगळी मोजली जाते. स्विफ्ट ३ सांगतं. नावाला अक्षरमर्यादा घालताना किंवा मजकूर मधेच तोडताना हे विसरलात तर दोन फोनवर दोन निकाल येतात, किंवा अक्षरापासून मात्रा तुटते.

तिसरं, टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हर (अँड्रॉइड आणि आयफोनवर स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सोयी) सुरू करून डोळे मिटून अ‍ॅप वापरा. बटणांना मराठी वर्णन दिलेलं नसेल तर तिथे नुसतं 'बटण, बटण' ऐकू येतं.

स्टोअरवर टाकताना नवखे कुठे अडकतात?

अ‍ॅपलचं डेव्हलपर खातं दरवर्षी फी मागतं, गूगलचं एकदाच. पण गूगलवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना आधी बंद चाचणी करावी लागते : किमान १२ जण, सलग १४ दिवस. सुरुवातीला ही संख्या २० होती. अ‍ॅप पूर्ण झाल्यावर माणसं शोधायला निघू नका, अर्ध्यावर असतानाच तयार ठेवा.

सही करण्याची किल्ली, म्हणजे कीस्टोअर फाइल आणि तिचा पासवर्ड, दोन वेगळ्या जागी जपा. प्लेच्या अ‍ॅप सायनिंगमध्ये अपलोडची किल्ली हरवली तर बदलून मिळते, पण स्वतः सही करून इतरत्र वाटलेल्या अ‍ॅपची किल्ली गेली की त्यावर अपडेट देता येत नाही. अ‍ॅपमध्ये खातं उघडता येत असेल तर अ‍ॅपलला ते अ‍ॅपमधूनच पुसताही आलेलं लागतं. आणि लॉगिन असेल तर तपासणाऱ्यांसाठी चालू स्थितीतलं नमुना खातं द्या. एवढ्याशा कारणाने कितीतरी अ‍ॅप्स परत येतात.

मी तीन-चार वर्षं यापासून दूर होतो. आता कुठून सुरुवात करू?

नव्या कोर्सने करू नका. तुमचं जुनं अ‍ॅप बाहेर काढा आणि आजच्या अँड्रॉइड स्टुडिओत किंवा एक्सकोडमध्ये उघडा. ते बिल्ड होणार नाही. ग्रेडल (अँड्रॉइडवर कोडपासून अ‍ॅप बांधणारं साधन) तक्रार करेल, एखादी लायब्ररी सापडणार नाही, निम्म्या ओळींवर डेप्रिकेटची रेघ दिसेल. एक-एक दुरुस्त करत जा आणि प्रत्येक दुरुस्तीला एक वाक्य लिहून ठेवा : काय बदललं आणि का. ग्रेडलची प्लगइन एका उडीत वाढवू नका, अँड्रॉइड स्टुडिओतला अपग्रेड असिस्टंट टप्प्याटप्प्याने नेतो. अ‍ॅप पुन्हा चालू झालं की त्यातली एकच स्क्रीन कंपोजमध्ये किंवा स्विफ्टयूआयमध्ये नव्याने लिहा. बाकीच्या जुन्याच राहू द्या, दोन्ही एकत्र नांदतात. माझ्या अ‍ॅपमध्ये औषधांची यादी कंपोजमध्ये आहे आणि सेटिंगची स्क्रीन अजून २०१६ मधल्या एक्सएमएलवर (स्क्रीन रचायची जुनी पद्धत) चालते आहे. ती या वर्षी बदलायची आहे.